ड्रिलच्या बॅटरीवरचं दुकान

रेडिओवाली जन्माचीच तापट, पण त्या आठवड्यात नुसती तडतडत होती. बावीस वर्षं जिन्याखालच्या खोलीत तिने लोकांचे रेडिओ न् पंखे दुरुस्त केले, आणि सोमवारी मालकाने तिची वीजच तोडली. करारात लिहिलेलं, कामाच्या दिवशी काम बंद दिसलं तर खोली सोडायची. म्हणजे आधी हात बांधायचे, मग म्हणायचं, बघा, ही जेवतच नाही. तक्रार केली, तर वीज जोडायला माणूस येणार शुक्रवारी.

"त्या मालकाला वायरनेच बांधून ठेवते," ती धाकट्या भावाला म्हणाली.

"बांध. पण आधी दुकान चालव." भाऊ सुतार. त्याने आपल्या ड्रिलची बॅटरी काढून पुढ्यात ठेवली. बॅटरीवर चालणारा छोटा सोल्डरिंग आयर्न तिच्याकडे होताच. दोन वायरी जोडल्या, मध्ये फ्यूज घातला. मिनिटभरात टोक तापलं, कथील पाण्यासारखं पळालं. मंगळवार निभावला.

बुधवारी मालक दारात. "वीज नाही, मग काम कसलं चाललंय, बाई?"

"नाक आहे ना? वास घ्या."

झालं. ती उठली ती थेट रस्त्यावर, आणि मालकाच्या सात पिढ्यांची हजेरी घेऊनच परतली. तोवर स्टँडवरचा आयर्न गार पडलेला. भावाच्या घरी नेऊन बॅटरी चार्जरला लावली, तर चार्जरही तिला ओळख देईना.

संध्याकाळी भावाचा आवाज चढला. "ताई, संपत आली की थांबायचं, ही अक्कल ड्रिलमध्ये असते, या बॅटरीत नाही. ती आपली देत बसते, मरेपर्यंत. तुला सांगायला हवं होतं?"

"ठाऊक होतं रे," ती म्हणाली. गिऱ्हाइकांना हेच बजावून तिचं तोंड दुखलेलं. "रागात चालू ठेवून गेले."

"राग त्याच्यावर, जीव गेला माझ्या बॅटरीचा." तो बराच वेळ धुसफुसला. मग पिशवीतून दुसरी काढून टेबलावर आपटली. त्याच्याजवळची शेवटची. "उद्या मी हाताने स्क्रू पिळतो. तू तोंड आवर."

गुरुवारी मालक पुन्हा आला, शेजारच्या दोघांना साक्षीला घेऊन. बोलबोल बोलला. तिच्या कानशिलाची शीर उडत होती, पण मान वर झाली नाही. पंख्याच्या वायरीला टाका देत ती म्हणाली, "शुक्रवारी या. आज मला काम आहे."