चपला बाहेर

"चपला बाहेर."

बुवांच्या तोंडून पहिले शब्द हेच यायचे. तुम्ही गॅसचं सिलिंडर घेऊन या, बँकेचा कागद घेऊन या नाहीतर लग्नाची पत्रिका घेऊन या, उंबऱ्यात आधी हे ऐकायचं आणि मग "या, बसा, जेवलात काय?" एकदा त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या काकींना तपासायला डॉक्टर आले आणि घाईघाईत बुटांसकट आत शिरले. बुवांनी त्यांना दंडाला धरून परत पायरीवर नेलं, बूट काढवले आणि मग आत आणलं. काकींचा रक्तदाब तेवढ्यात कुठे पळून जात नव्हता, असं त्यांचं म्हणणं.

कारण काय, तर बाहेरच्या खोलीत बुवांची भजनाची पेटी होती. जिथे पेटी तिथे पायताण नाही. देवघरात एखाद वेळ चाललं असतं, पण पेटीपाशी नाही. आम्ही आळीतली पोरं लहानपणापासून हे ऐकत मोठी झालो. आता माझे केस पिकले तरी त्या पायरीशी पाय आपोआप चपलेतून बाहेर येतात.

बुवा घरात आहेत की नाहीत, हे आमच्या आळीत कुणी विचारत नसे. जांभ्याच्या पायरीवर चपला दिसल्या की बुवा आत. टायरच्या तळाच्या चपला, उजव्या चपलेचा अंगठा तुटलेला आणि जाळी विणायच्या हिरव्या दोऱ्यानं शिवलेला. पूर्वी त्या पायरीवर फारशा टिकतच नसत. दिवसभर मिरजोळ्याला कारखान्यात फिटर, आणि संध्याकाळ झाली की पेटी घेऊन ह्या ना त्या वाडीत भजनाला. मग निवृत्तीच्या वर्षीच काकींना झटका आला, उजवं अंग गेलं, आणि त्या चपला पायरीवर बसल्या त्या चार वर्षं. बाजारहाट करण्यापुरत्या हलायच्या, तेवढ्याच. भजनी मंडळानं वर्षभर वाट पाहिली, मग दुसरे बुवा धरले. पेटीवर चादर आली.

बुवा ह्याबद्दल चकार शब्द काढत नसत. बोलायच्या त्या काकी, तोंड एका बाजूला ओढलेलं, तरी बोलायच्या. "माज्यापायी ह्यांची पेटी मुकी झाली गो. तू येवडी शिकल्येली. कायतरी कर." आता मी पडले कॉम्प्युटरचा क्लास चालवणारी बाई. मला सा कुठला आणि रे कुठला ते अजून कळत नाही. पण काकींच्या डोळ्यांत ते अपराधीपण बघवत नसे, खरंच सांगते.

त्यांच्या पुण्याच्या मुलीनं आईशी समोरासमोर बोलता यावं म्हणून आपला जुना लॅपटॉप पाठवला. तो लावून द्यायला मी गेले. बुवा बराच वेळ माझ्या मागे उभे राहून बघत होते. मग हळूच विचारलं, "बाय, ह्याच्यात पेटी दुरुस्त करायला शिकवतात काय?" म्हणजे पेटीवरची चादर अधूनमधून उचलली जात होती तर. मधल्या सप्तकातला एक सूर उतरला होता आणि ते दुरुस्त करणारे मिस्त्री थकून घरी बसले होते.

मी शोधायला बसले आणि शोधता शोधता भलतीकडेच जाऊन पोचले. तुम्ही ह्या इंटरनेटवरच्या जगात कधी गेला नसाल तर थोडक्यात सांगते. पडद्यावर एक अख्खं गाव असतं. रस्ते, चौक, सभागृहं, समुद्र, सगळं. आपण आपला एक बाहुला तयार करायचा आणि तो चालवत गावात हिंडायचं. भेटणारा प्रत्येक बाहुला म्हणजे कुठल्या तरी देशात घरी बसलेलं एक खरं माणूस. कुणी तारे ओळखायला शिकवतंय, कुणी लाकूडकाम, कुणी आपली भाषा, आणि तेही फुकट, हौसेनं. कुणी आपल्या स्वयंपाकघरात बसून खरोखर गातंय आणि पन्नास बाहुले समोर बसून ऐकताहेत. त्यातच भात्याची वाद्यं दुरुस्त करायचा एक वर्ग निघाला, दर रविवारी आपल्याकडच्या दुपारी तीनला. बुवांनी त्या गावाचं नाव लगेच ठेवलं, "पल्याडची वाडी."

बाहुला मात्र आम्हाला फुकटातला मिळाला. निळे केस, घट्ट जीन पँट आणि गुडघ्यापर्यंत बूट. बुवा म्हणाले, चालेल, आपल्याला काय लग्न करायचंय? पहिल्या रविवारी बांगड्याचं तिखलं-भात जेवून, झोपेवर पाणी सोडून, आम्ही दोघं लॅपटॉपसमोर बसलो. काकी शेजारच्या खाटेवर उशाला टेकून. सभागृहाच्या दारापर्यंत बाहुला व्यवस्थित गेला. आतमध्ये दहा-बाराजण जमलेले, मध्ये टेबलावर वाद्यं मांडलेली. आणि बुवांनी माझा हात धरला.

"थांब. बूट."

मी म्हटलं, अहो बुवा, हे खोटे बूट आहेत. म्हणाले, वाद्यं तर खरी हायत ना? मी काढायची सोय शोधेपर्यंत त्यांनी स्वतःच कुठेतरी दाबलं आणि बाहुल्याची पँट गेली. बूट जागच्या जागी. घाबरून आणखी एक बटण दाबलं, तर शर्ट गेला. म्हणजे आमचे बुवा, भजनात ज्यांच्यापुढे सरपंच वाकायचे, ते नऊ देशांच्या लोकांसमोर निळे केस, चड्डी आणि गुडघ्याएवढे बूट अशा थाटात उभे. काकी हसायला लागल्या. चार वर्षांत त्यांना इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं. खाट हलत होती.

वर्ग घेणाऱ्या बाईंच्या बाहुलीला कोल्ह्याचं तोंड होतं, म्हणून त्या आमच्या कोल्हीणबाई. त्यांनी काळजीनं विचारलं, काही अडचण आहे का? मी घाम पुसत इंग्रजीत टाइप केलं की आमच्याकडे वाद्यापाशी पादत्राणं घालून जात नाहीत, ह्यांना फक्त बूट काढायचे होते. मग कोल्हीणबाई आपल्या टेबलामागून निघाल्या, दारापर्यंत आल्या आणि आपले बूट काढून पायरीवर ठेवले. त्यांच्यामागून एकेक करत सगळे. कुणाला जमत होतं, कुणाची टोपीच निघत होती. त्या दिवशीचा अर्धा वर्ग त्यातच गेला.

पुढे बुवा वेड्यासारखे त्या वाडीत रमले. पेटीच्या आतली सुराची पितळी पट्टी टोकाकडे खरवडली की सूर चढतो आणि बुडाकडे खरवडली की उतरतो, हे कोल्हीणबाईंनी दाखवलं आणि फिटरचा हात असल्यामुळे बुवांनी तिसऱ्या रविवारी आपला सूर बरोब्बर जागेवर आणला. त्या बदल्यात भाता धक्का न देता कसा ओढायचा ते त्यांनी वर्गाला शिकवलं. मी दुभाषी. इंग्रजीचे तीनच शब्द त्यांनी स्वतः टाइप करायला घेतले, 'शूज आउटसाइड प्लीज'. ताऱ्यांच्या वर्गात जाऊनसुद्धा तेच. तिथे तर जमीनही नव्हती, सगळे अधांतरी तरंगत होते, तरी बुवांच्या धाकानं अनवाणी तरंगायला लागले.

वाजवायचं मात्र नाव नाही. दर रविवारी वर्गानंतर गाण्याची बैठक असे. कोल्हीणबाई बोलावून थकल्या. बुवा म्हणायचे, समोर माणूस नाय, कुणापुढं वाजवू? मीही वैतागले. शेवटी काकींनीच तिढा सोडवला. म्हणाल्या, "मी बसतंय समोर. चाळीस वर्षं लोकांनी ऐकलान तुमाला. मी कदी बसल्ये?"

आणि खरंच हो. घरात सासू, पोर, गुरं. बुवांच्या एकाही भजनाला काकी कधी गेल्या नव्हत्या. त्यांनी ऐकली ती फक्त घरातली तालीम, भाकऱ्या थापताना. बुवा उठले, पेटीवरची चादर काढली आणि घडी घालून ठेवली.

आता काकींना बाहुली पाहिजे. तिचं नेसणं ठरवायला तीन दिवस लागले. हिरवं लुगडं, तेही गडद, पोपटी नव्हे. नथ. अंबाड्यावर अबोलीचा वळेसर. क्लासचा एक लॅपटॉप मी आणला, खाटेवरच्या जेवायच्या टेबलावर ठेवला आणि डाव्या हातानं बाण दाबून चालायचं कसं ते शिकवलं. काकी दोन तासांत बुवांपेक्षा बऱ्या चालायला लागल्या, आणि हे त्यांनी बुवांना चारदा सांगितलं.

तो रविवार आला. बुवांनी इस्त्रीचा सदरा घातला, वर काळी टोपी. म्हटलं, बुवा, तुम्ही कुणाला दिसणार नाही. म्हणाले, पेटीला दिसतंय. सभागृहात चाळीसएक बाहुले, सगळे अनवाणी, पहिल्या रांगेत मध्ये काकी. चाळीस वर्षं वाजवलेला माणूस, पण टोपी तीनदा सारखी केली.

सुरुवात झाली. आवाज लागला. आणि पहिला गजर संपता संपता बुवा चाचरले. भजनात बुवा एक ओळ टाकतात आणि मागून वीस गळे ती झेलतात. इथे बुवांनी ओळ टाकली आणि समोर ठार शांतता. त्या वाडीची रीत अशी की ऐकणाऱ्यांनी आपला आवाज बंद ठेवायचा, आदर म्हणून. ते बुवांना सांगायचं माझ्या डोक्यातूनच गेलं होतं. त्यांनी पुन्हा ओळ टाकली. पुन्हा शांतता. भाता थांबला. पेटीवरचा हात खाली आला. "नाय गो बाय," ते पुटपुटले. "कोन नाय हितं."

मला रडूच यायचं बाकी होतं. आता ही चादर परत पडणार ती कायमची, हे मला स्पष्ट दिसलं.

तेवढ्यात खाटेवरून ओळ आली. वाकड्या तोंडातून, अर्धे शब्द गिळलेली, पण सुरात. काकींनी पेजेची रिकामी वाटी ओढली, समोर ठेवली आणि चमच्यानं ठेका धरला. भाकऱ्या थापता थापता चाळीस वर्षं ऐकलेली ओळ. बुवांनी मान वळवून बघितलं. मग डोळे मिटले आणि जे सुटले म्हणता, ते मी तुम्हाला कसं सांगू? ते टाकताहेत, त्या झेलताहेत, चमचा वाजतोय.

आणि माझी नजर पडद्यावर गेली. काकींची बाहुली उठली होती. काकींनी वाटी ठेवली ती नेमकी बाणाच्या बटणावर, त्यामुळे हिरव्या लुगड्यातली बाहुली ताठ मानेनं सभागृहातून निघाली, दारातून बाहेर पडली, वाळूच्या पुळणीवर उतरली आणि थेट समुद्रात. मी वाटी उचलायला हात पुढे केला आणि काकींनी माझ्या हातावर चमचा मारला. त्यांना काय, त्या पार तल्लीन. इकडे सभागृहात कोल्हीणबाई उठल्या आणि निघाल्या बाहुलीच्या मागे. मग सगळेच उठले. चाळीस बाहुले अनवाणी, एका ओळीत, काकींच्या मागोमाग पाण्यात.

गजर संपला. बुवांनी डोळे उघडले, तर सभागृह रिकामं.

"गेले सगळे?" त्यांनी विचारलं. मला हसू आवरेना, बोलता येईना. मी त्यांचा पडदा समुद्राकडे वळवला. गुडघाभर पाण्यात सगळे उभे, दोन्ही हात वर, आणि खाली लिहून येत होतं, आणखी एक, आणखी एक. कोल्हीणबाईंनी नंतर विचारलं, तुमच्याकडे विसर्जनाला शेवटी देवाबरोबर पाण्यात जातात ना, आम्ही बरोबर केलं ना? मी बुवांना भाषांतर करून सांगितलं. बुवा गंभीरपणे म्हणाले, "सांग, बरोब्बर केलांत." मग पुढे तो रिवाजच पडला. वर्षभर दर रविवारी भजन झालं की वाडी समुद्रात. काकींची वाटीसुद्धा मुद्दाम त्याच बटणावर.

मधे कधीतरी कोल्हीणबाईंनी बुवांच्या खऱ्या घराच्या दाराचा फोटो मागितला होता. मी चपलांसकट पायरीचा काढून पाठवला आणि विसरून गेले.

बुवा गेल्या मार्गशीर्षात गेले. दुपारी काकींची पेज गाळत होते, तिथेच बसले, तेवढंच. मी वाडीवर कळवलं, पण तिकडे जायचं धाडस होईना. मुलगी काकींना पुण्याला न्यायला आली, त्याच्या आदल्या रविवारी काकींनी विचारलं, किती वाजले? तीन वाजत आले होते. म्हणाल्या, लाव ते.

सभागृह दिसलं. पायऱ्यांवर जोड्यांच्या रांगा लागलेल्या, बूट, सपाता, उंच टाचांच्या, काय नाही ते. आणि सगळ्यांत वरच्या पायरीवर, दाराला लागून, टायरच्या तळाच्या चपला. उजव्या अंगठ्याला हिरवा दोरा. आतून कुणीतरी भाता ओढत होतं.

माझ्या डोळ्यांपुढचं सगळं पाण्यात गेलं. काकी मात्र त्या चपलांकडे नीट, बराच वेळ बघत राहिल्या.

"आत हायत म्हंजे," म्हणाल्या, आणि वाटीसाठी डावा हात पुढे केला.