लाल फूल निघालं

मुलगी अकरा वर्षांची झाली तेव्हा तिच्या फुटबॉलवरून आमच्या घरात धुसफूस सुरू झाली. मैलापूरला घराजवळच्या मैदानावर ती रोज संध्याकाळी मैत्रिणींबरोबर खेळायची. कधी कुणाच्या संघात, कधी कुणाच्या. मग शहराबाहेर सिरुसेरीकडच्या एका अकादमीने तिला स्पर्धेच्या संघासाठी निवडलं आणि माझ्या नवऱ्याच्या अंगातच आलं. "टॅलेंट वाया घालवायचं का?" हे तो इडली खाताना म्हणायचा, गाडी काढताना म्हणायचा. मला ती धुळीने माखून हसत घरी येते एवढं पुरेसं होतं. तिलाच विचारलं, तर आमच्या दोघांच्या तोंडांकडे बघून ती म्हणाली, "तुम्ही सांगाल तसं."

शेवटी सासऱ्यांनी तोंड घातलं. ते तंजावरचे. त्यांची मराठी जुनी आणि बोलण्याची चाल तमिळ. "भांडूं नका. देवासमोर फूल ठेवूं. तो सांगेल."

इकडे तमिळ मुलखात ही रीतच आहे. दोन रंगांची फुलं वेगवेगळ्या पुड्यांत बांधून देवापुढे ठेवायची आणि लहान मुलाला एक उचलायला सांगायचं. मला हसायची सोय नव्हती, माझ्या कोकणातल्या माहेरी गुरव कौल लावतो. लाल म्हणजे अकादमी, पांढरं म्हणजे मैदान, असं ठरलं. पण घरात तिच्याहून लहान कुणी नव्हतं. शेजारचं एखादं पोर आणावं एवढंही आम्हा शहाण्यांना सुचलं नाही. तिनेच पुडी उचलली, तिनेच सोडली. लाल निघालं.

नवरा खूश झाला. मीही सुटले म्हटलं, खोटं कशाला बोलू.

अकादमीत पहाटे जायचं, पळायचं, गप्प राहायचं. सुरुवातीला ती सामन्यांत उतरली. मग तिच्याहून उंच, दणकट मुली आल्या आणि ती राखीव झाली. रविवारी आम्ही उन्हात उभे राहायचो आणि ती कडेला, बुटांच्या नाड्या घट्ट बांधून, बसलेली असायची. कोच कुणाला तरी हाक मारायचे तशी तिची मान वर व्हायची. मला ते बघवत नसे. परतताना गाडीत ती खिडकीबाहेर बघत बसायची आणि नवरा तिला पुढच्या सामन्याबद्दल सांगत राहायचा.

मी एकदा म्हटलं, "सोड गं. मैत्रिणींकडे जा."

"कसं सोडू? मीच उचललं होतं ना. ताता म्हणाले, देवाने सांगितलंय."

ताता म्हणजे माझे सासरे. मी तडक त्यांच्याकडे गेले. म्हटलं, पुन्हा फूल ठेवा, नाहीतर तुम्हीच तिला मोकळी करा. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "एकदा विचारलं, उत्तर आलं. तेंच परत विचारूं नये." त्यांचा स्वर इतका मायेचा होता की मला नीट संतापताही येईना. मी नवऱ्यावर ओरडले. तो म्हणाला, तूच तर तयार झालीस. ते खरंच होतं, म्हणून आणखी ओरडले.

पुढे अकादमीनेच तो प्रश्न सोडवला. मोसम संपल्यावर कोचनी आम्हाला बाजूला घेतलं. चांगली मुलगी आहे, म्हणाले, पण पुढच्या वर्षी संघात जागा नाही. "शी शुड जस्ट एन्जॉय, मॅडम." जे मी वर्षभर घसा फोडून सांगत होते, ते त्यांनी कसं गोड हसून सांगितलं!

दुसऱ्याच संध्याकाळी मी तिला मैदानावर नेलं. मैत्रिणी ओरडत धावत आल्या. मला वाटलं, झालं, सुटलो. ती खेळायला लागली. चेंडू पायाशी आला की थांबायची, कडेला बघायची, मग घाईघाईने दुसरीकडे ढकलायची. एकदा तिचा पास चुकला. कुणी काहीच म्हटलं नाही, सगळ्या हसत पुढे पळाल्या. ती मात्र थेट बाहेर आली आणि माझ्या शेजारी येऊन बसली.

"काय गं, दमलीस?"

"नाही. चुकलं ना माझं. आता दुसरी कुणी जाईल."

"इथे कुणी काढत नाही गं बाहेर. जा, खेळ."

तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिची समजूत काढायला खोटं बोलतेय असं वाटून. मग ती नाड्या सोडायला लागली.