त्याचा फॉर्म मी भरला

आम्ही त्याला डोंगर म्हणायचो. इस्पितळात स्ट्रेचर उचलायचं आमचं काम, चौदा वर्षांची जोडी. डोक्याकडची बाजू जड असते, ती कायम त्याच्याकडे. जिन्यात मला दम लागला की म्हणायचा, "काय जावईबापू, खुर्ची आणू का?" स्वतः कधी थांबला नाही.

साथ आली आणि एका पाळीत अकरा-अकरा मयतं उचलावी लागली. पिशवी बंद करण्याआधी नाव ताडून बघायचं काम डोक्याकडच्याचं. त्यामुळे चेहरे त्याने पाहिले. मी पाय पाहिले.

दोन महिन्यांनी सरकारने कर्मचाऱ्यांसाठी समुपदेशक बाई नेमल्या. एक्स-रेशेजारच्या खोलीत त्या बसत. आधी फॉर्म भरायचा: झोप लागते का, जगणं नकोसं वाटतं का. आमची रीत अशी की दोघांचे कागद एकाने भरायचे, दुसऱ्याने तोवर स्ट्रेचर धुवायचं. त्याला न विचारता मी सगळीकडे 'ठीक' लिहिलं. ज्यांचं ठीक, त्यांना बोलावणं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात जिन्यात तो म्हणाला, "जरा टेकव." स्ट्रेचर रिकामं होतं.

मी वहिनींना फोन केला. "भावोजी, तीन आठवडे झोप नाही त्यांना," त्या म्हणाल्या. "काल भरदुपारी गच्चीच्या कठड्यावर पाय बाहेर सोडून बसले होते. मी मागून धरलं."

मी तसाच बाईंकडे गेलो. "त्याचा फॉर्म खोटा आहे. मी भरलाय."

"आजच आणा त्यांना."

"तो यायचा नाही."

"जड माणसं उचलता ना तुम्ही?"

त्याला सगळं सांगितलं. "मला वेडा ठरवतोस?" तो म्हणाला.

"ठरवणारा मी कोण? चल."

चाळीस मिनिटं आत होता. बाहेर आला तो मला ओलांडून निघून गेला. त्याला गोळ्या सुरू झाल्या, स्ट्रेचर सुटलं, भांडारात बदली झाली. दर मंगळवारी बाईंकडे जायचा. वहिनी म्हणायच्या, थोडं जेवतात आता.

नऊ मंगळवार झाले. साथ ओसरली, बाईंची नेमणूक संपली, खोलीला कुलूप लागलं. दारावर चिकटवलेल्या कागदावरच्या मदतीच्या नंबरवर मी सात वेळा फोन लावला. कुणी उचलला नाही. त्याची झोप पुन्हा गेली.

रविवारी वहिनी आणि मी गच्चीच्या कठड्यावर लोखंडी जाळी बसवली. डोक्याच्या वर दोन हात, चारी बाजूंनी. सकाळी सातला लागलो, अंधार पडायच्या आत संपवली. तो खाली खुर्चीत बसून होता. ड्रिलचा एवढा आवाज, पण काय चाललंय म्हणून त्याने एकदाही विचारलं नाही.