अलीकडचा पंखा

भूत, भानामती, चकवा... असलं काही मी आयुष्यात मानलं नाही. तारापूरच्या एमआयडीसीत मेंटेनन्स फिटर म्हणून एकतीस वर्षं काढली. मशीन बंद पडलं की कारण असतंच आणि शोधलं की सापडतं, एवढंच मला ठाऊक. त्यामुळे इथे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. पण लिहितो.

माझे बाबा माहीमला ताडी काढायचे. पालघरजवळचं आमचं माहीम, मुंबईचं नव्हे. स्वतः मात्र उभ्या जन्मात थेंब प्यायले नाहीत. विशीत असताना एका सकाळी ते ताडाच्या शेंड्यावर होते. मुंबईहून नुकतंच उडालेलं एक प्रवासी विमान त्यांच्या समोरून, झाडांना घासत गेलं आणि समुद्रात पडलं. कोणी वाचलं नाही. त्या काळी विमान म्हणजे नवलाई. गावातल्या निम्म्या लोकांनी आयुष्यातलं पहिलं विमान पाहिलं ते किनाऱ्याला लागलेल्या तुकड्यांत.

चौकशीला साहेब आले. बाबांनी सांगितलं, "अलीकडचा पंखा फिरत नव्हता. उबा होता. तीन पाती, एक सरळ वर."

साहेबाने विचारलं, "वर बसून किती प्यालास?"

सगळे हसले. इंजिनात दोष नव्हता असं ठरलं, खापर पायलटवर फुटलं. नंतर त्या पायलटची बायको एकटी गावात आली, ताडाखाली उभी राहून बाबांकडून सगळं ऐकून गेली. पुन्हा चौकशी व्हावी म्हणून तिने केलेल्या अर्जावर बाबांनी अंगठा दिला. ताडीवाल्याचा अंगठा! कोण विचारतो? गावाला मात्र जन्मभराची करमणूक झाली — "काय रे, आज कुठलं विमान पाडलंस?"

आणि मी? मी आयटीआय शिकलेला दीडशहाणा. शेवटच्या दुखण्यात बाबा सरावलीला, कंपनीजवळच्या माझ्या खोलीवर होते. एकदा म्हणाले, "तू तरी खरं मानतोस का नाय?"

मी म्हणालो, "बाबा, उडत्या विमानाचा पंखा वाऱ्यानेच फिरत राहतो. उभा राहूच शकत नाही."

"बरं," म्हणाले आणि भिंतीकडे वळले. पुन्हा तो विषय कधी काढला नाही. महिन्याभरात गेले.

चार वर्षांपूर्वी तो ताड तोडायचं ठरलं. ठरवलं मीच. शेजारी रिसॉर्ट झालं होतं, त्यांच्या रस्त्याच्या आड येत होता. झाड घरांवर पडू नये म्हणून शेंड्याला दोर बांधायला हवा होता आणि तोडायला आलेले दोघे वर चढायला तयार होईनात. लहानपणी बाबांनी शिकवलं होतं, म्हणून मी चढलो. सकाळचे आठ वाजले असतील. लख्ख ऊन.

गाठ मारली, मान वर केली तर... विमान. माझ्या डोळ्यांच्या उंचीवर, पन्नास हात लांब. आवाज नाही — अजिबात नाही. एक पान हललं नाही. खिडकीला कपाळ टेकवून बसलेली एक बाई दिसली. पलीकडचा पंखा फिरत होता. अलीकडचा उभा. तीन पाती, एक सरळ वर. समुद्राकडे गेलं आणि पापणी लवते तोवर नाहीसं झालं.

कसा उतरलो ते आठवत नाही. खाली माझा पुतण्या उभा होता. "विमान बघितलंस?" मी विचारलं.

"कुठलं विमान? काका, वर बसून किती घेतलीत?"

तोडणारे फिदीफिदी हसले. 'थांबा, तोडू नका' म्हणायला हवं होतं मी. पण लोक काय म्हणतील, या भीतीने गप्प बसलो. दुपारपर्यंत ताड आडवा.

नंतर कंपनीतल्या एका म्हाताऱ्या इंजिनिअरला विचारलं, तो आधी विमानांच्या इंजिनांवर काम करायचा. म्हणाला, "त्यात काय? इंजिन बंद पडलं की पाती वाऱ्याला कड करून वळवतात, मग पंखा उभाच राहतो." दोन मिनिटांचं उत्तर! बाबा जिवंत असताना मी हे कोणालाही विचारलं नाही. कशाला विचारू... मला सगळं येत होतं ना.

म्हणजे पंखा उभा राहू शकतो, हे कळलं. तो मला का दिसला, ते नाही. ऊन, चक्कर, मनाचे खेळ — सगळं लावून पाहिलं, एकही कारण बसत नाही.

अजून सरावलीच्या त्याच खोलीत राहतो. परवा घरात कोणी नाही असं समजून त्या भिंतीसमोर उभा राहिलो आणि मोठ्याने म्हणालो, "मानतो, बाबा."

आतून बायको म्हणाली, "कोणाशी बोलताय?"

"कोणाशी नाही," म्हणालो.