झोपवू नये अशी डिस्क

"चार्जरला हात लावायचा नाही," बाबा म्हणाले.

मी हात मागे घेतला. निखिलच्या टेबलावर त्याचा फोटो होता. फोटोपुढं समई होती आणि शेजारी त्याचा लॅपटॉप चालू होता. तेरावं होऊन गेलं होतं, समई आता फक्त संध्याकाळी लागायची. लॅपटॉप मात्र तो गेला त्या दिवसापासून एकदाही बंद झाला नव्हता. बुऱ्हाणपुरात दुपारची लाइट जाते, म्हणून बाबांनी इलेक्ट्रिशियन बोलावून तो प्लग इन्व्हर्टरवर घेतला होता. दापोऱ्याहून केळी घेऊन आलेली आत्या त्यांना म्हणाली होती, "दादा, फोटोपुढं दिवा ठेवतात ते पाह्यलंय. मशीन जागं ठेवलेलं पहिल्यांदाच पाहू राहिली मी."

निखिल माझा धाकटा भाऊ. साध्या तापाचं निमित्त झालं. मी पुण्यात एका लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीत कर्नलचं काम करते. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, जो यंत्राच्या प्रत्येक भागाशी बोलतो. निखिल तेच काम बुऱ्हाणपुरात घरी बसून, स्वतःच्या आवडीनं करायचा. मला कंपनीच्या कामातून जमलं नाही ते त्याला एका दुपारी लाइट गेल्यामुळे सापडलं होतं.

डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामध्ये एक जोडणी असते, तिला लिंक म्हणतात. लॅपटॉप बॅटरीवर असताना लिंकवरून काही जात-येत नसेल, तर कर्नल तिला झोपवतो. त्यानं बॅटरी वाचते. काम आलं की लिंक उठते, आणि हे सगळं इतक्या झटकन होतं की आपल्याला कळतही नाही. याला लिंक पॉवर मॅनेजमेंट म्हणतात. काही थोड्या डिस्क अशा असतात की त्यांची लिंक झोपते, पण उठत नाही. कर्नल हाका मारतो, लिंक नव्यानं जोडून पाहतो, वेग कमी करून पाहतो, आणि शेवटी डिस्क नाहीच असं धरून चालतो. मग सगळं गोठतं.

अशा डिस्कची एक यादी कर्नलमध्येच असते. यादीतल्या डिस्कच्या लिंकला कर्नल झोपवत नाही. निखिलची डिस्क तशीच निघाली, म्हणून त्यानं त्या यादीत एक ओळ वाढवली होती. असा बदल, म्हणजे पॅच, सर्वांना दिसेल अशा ईमेलनं पाठवतात. वर लेखकाचं नाव असतं. खाली त्याच्या सहीची एक ओळ असते. ती ओळ नसेल तर पॅच कोणी घेत नाही. निखिलनं दोन्ही लिहिलं होतं.

उत्तर आलं तेव्हा तो नव्हता. यादी सांभाळणाऱ्या माणसानं विचारलं होतं: तुमच्या ओळीत या मॉडेलच्या सगळ्याच डिस्क येतात. चांगल्या डिस्कची बॅटरी उगाच का जाळायची? दोष कोणत्या फर्मवेअरमध्ये आहे ते तपासा आणि पॅच पुन्हा पाठवा. फर्मवेअर म्हणजे डिस्कच्या आतलं तिचं स्वतःचं सॉफ्टवेअर.

हेच मॉडेल आमच्या नव्या लॅपटॉपमध्ये येणार होतं. माझे मॅनेजर फोनवर म्हणाले, "स्नेहा, सॉरी, ही वेळ नाही, पण रिलीज अडकलंय. तू फ्रेश पॅच पाठव ना, तुझ्या नावानं. कोण विचारतंय?"

"सर, ओळ त्याची आहे."

"एकच तर ओळ आहे!"

"म्हणूनच."

"बरं. पण टेस्ट केल्याशिवाय ते घेणार नाहीत."

आमच्या लॅबमधल्या डिस्कचं फर्मवेअर नवं होतं. ती बॅटरीवर झोपायची आणि नीट उठायची. पण कारखान्यात येणाऱ्या काही डिस्क जुन्या फर्मवेअरच्याही असणार होत्या. जुन्या फर्मवेअरची, माझ्या हाताशी असलेली एकच डिस्क होती. ती निखिलच्या टेबलावर होती, आणि तिचा चार्जर काढायचा नव्हता.

मी बाबांना सगळं सांगितलं. बाबा शाहपूरच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे काढला की मशीन अडकेल?"

"हो. मग बंद करून पुन्हा चालू करावं लागेल. त्याच्या सगळ्या फाइलींची कॉपी घेतलीय मी."

"फाइली नाही म्हणत मी." त्यांनी स्क्रीनकडे बोट केलं. निखिलनं उघडलेली फाइल तशीच उघडी होती. त्याच्या ओळीच्या शेवटी कर्सर लुकलुकत होता. "हे त्यानं ठेवलं तसंच आहे. हे राहील का?"

"नाही, बाबा. हे जाईल."

ते उठून आत गेले. मी निखिलच्या खुर्चीत बसून राहिले. बाहेर केळीचा ट्रक गल्लीत अडकला होता आणि दोघं जण मोठमोठ्यानं भांडत होते. बऱ्याच वेळानं बाबा परत आले.

"त्याचं नाव राहील न त्यात? पक्कं?"

"पक्कं. ओळ त्याची, सही त्याची. कोणी तपासलं तेही लिहितात, तिथं माझी."

"देख बेटा, मग मीच काढतो."

त्यांनी वाकून चार्जर काढला. आम्ही दोघं कर्सरकडे पाहत राहिलो. तो लुकलुकत होता. बाबा म्हणाले, "चालू तर आहे." थोड्या वेळानं कर्सर थांबला. कीबोर्डवर बोट दाबलं, काही नाही. मग काळ्या पडद्यावर ओळी येऊ लागल्या: लिंक उठत नाही, पुन्हा जोडतोय, वेग कमी करतोय. शेवटची ओळ होती, डिस्क बंद.

"काय म्हणू राहिला तो?"

"हाका मारून पाहिल्या म्हणतोय."

बाबांनी मान हलवली. मी पडद्याचा फोटो घेतला आणि पॉवरचं बटण दाबून धरलं. त्याच्या पंख्याचा आवाज महिनाभर घरात होता हे मला तो थांबल्यावर कळलं.

लॅपटॉप पुन्हा चालू झाला, कारण वीज पूर्ण तोडली की अशी डिस्क शुद्धीवर येते. मी निखिलच्या ओळीत फर्मवेअरचा नंबर घातला, तो बदल माझा आहे असं खाली कंसात लिहिलं, आणि नवा कर्नल बसवला. चार्जर लावलाच नाही. बाबा समोर बसून होते. बॅटरी पूर्ण संपेपर्यंत डिस्क एकदाही अडकली नाही.

पॅच पाठवताना सोबत दोन वाक्यं लिहिली. लेखक माझा भाऊ होता. तो आता नाही.

काही दिवसांनी मी अजून तिथंच असताना निखिलच्या लॅपटॉपवर टिंग झालं. पॅचवर ज्यांची सही असते त्या सगळ्यांना उत्तर जातं. बाबा स्वयंपाकघरातून हात पुसत आले.

"कोणाला आलं?"

"त्याला."

मेल छोटा होता. पॅच घेतला, आभार, आणि माझ्यासाठी सांत्वनाची एक ओळ. बाबांनी चष्मा लावून सुरुवातीचं निखिलचं नाव वाचलं. मग विचारलं, "त्या ओळीचा अर्थ काय होतो, साध्या भाषेत?"

"या डिस्कला झोपवू नका."

ते फोटोकडे बघून म्हणाले, "आणि आत्या मला हसत होती."

यादीत त्या ओळीच्या आसपास कोणी बदल केला की आजही निखिलला मेल जातो. बाबा फोन करून सांगतात, मी पुण्यातून उत्तर देते.

आमच्या लॅबमध्ये आता प्रत्येक लॅपटॉप चार्जर काढून तपासतात. आणि नव्या मुलांना मी एवढंच सांगते: झोपल्यावर जे उठणार नाही, त्याला झोपवू नये. बॅटरी थोडी लवकर संपते. संपू द्यावी.