पहिली बादली दाखवा

रहिमानभाई आमच्या आळीचे चावीवाले, म्हणजे नळाला पाणी सोडणारे. विश्रामबागेच्या मागच्या अंगाला सकाळी साडेसहाला पाणी यायचं. त्याआधी ते हातभर लांब लोखंडी चावी घेऊन कोपऱ्यावर येत. चावी भसकन फिरवत नसत. चार फेरे, मग दम, मग पुन्हा चार. "वैनी, नळी म्हातारी हाय. एकदम पाणी सोडलं की उचकी लागती तिला."

पाणी सुटलं की एका लोखंडी सळईचं एक टोक नळीला लावून दुसरं कानाला धरायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. मग हाक द्यायचे, "पहिली बादली दाखवा!" आम्ही बायका दारात बादल्या धरून उभ्या राहायचो. रंग बघायचा, वास घ्यायचा, मगच पाणी भरायचं. चौऱ्याहत्तर सालापर्यंत हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की पाहुण्या आलेल्या सासूबाईंपुढेही मी बादली हुंगायची.

त्यांचा खरा घोर कोपऱ्यावरच्या सांध्याचा. तिथं नळी गटारीखालून जाते आणि वरून उसाच्या गाड्या वळतात. "फुटंल तर हितंच फुटंल," असं ते तीन वर्षं वरच्या साहेबांना सांगत होते.

त्यांच्या लेकीच्या, सलिमाच्या निकाहासाठी त्यांनी एक दिवस रजा घेतली. बदली माणूस आला आणि त्यानं चावी एका दमात फिरवली. नळांनी धाडकन हिसका दिला. माझी पहिली बादली गढूळ आली, आणि नाकाला पदर लावावा असा वास!

शेजारच्या हरणाबाई म्हणाल्या, "आज भाईस्नी सांगायचं न्हाई. बापाला पोरीच्या निकाहातनं उठवायचं व्हय?"

"आपण उकळून पिऊ की," समोरच्या बयाबाईंनी दुजोरा दिला.

मीही मान हलवली. मायेपोटीच ते, दुसरं काय! बदली माणसाला तेवढं सुनावलं, पण तो पाणी चालू ठेवून पुढच्या आळीत निघूनही गेला.

दहा वाजता चहाचं आधण ठेवताना एकदम लक्षात आलं. रहिमानभाईंचं घर आमच्या खालच्या अंगाला, त्याच नळीवर. मांडवातले पिण्याचे माठ त्याच पाण्यानं भरले असणार!

पायात चपला सरकवून पळतच गेले. पांढऱ्या कपड्यांत, अत्तर लावून ते पाव्हण्यांना बसवत होते. मी बाजूला बोलावून सांगितलं.

"मातीचा वास का गटारीचा?"

"गटारीचा."

"नळ हिसकला व्हता?"

"हो."

"मंजे कोपऱ्यावरचा सांधा गेला." माझ्याकडं बघून म्हणाले, "वैनी, सकाळी का न्हाई सांगितलंसा?"

मी मांडवातल्या माठांकडं बोट केलं.

त्यांनी मांडवातले माठ एकेक करून स्वतःच्या हातानं ओतून टाकले. त्यांची बायको अख्तरबी कळवळली, "आवं, पाव्हण्यांसमोर काय ह्ये!"

"पाव्हण्यांसाठीच," म्हणाले आणि चावी उचलून निघाले.

पाणी बंद झालं, कोपऱ्यावर सांध्याशी खड्डा खणायला घेतला. बयाबाईंच्या विहिरीवरून आम्ही आळीतल्या बायकांनी घागरी वाहिल्या, मांडवातले माठ धुऊन पुन्हा भरले. निकाहापुरते रहिमानभाई येऊन बसले. कुबूल झालं, दुवा झाली, आणि जेवणाला न थांबता परत खड्ड्यात उतरले. बदली माणूस मान खाली घालून माती उपसत होता.

हरणाबाईंनी खड्ड्याशी भाकरी नेऊन दिली. "नवरदेवापरीस तुमीच जास्त नटलाय की, भाई!" चिखलातला तो माणूस खळखळून हसला.

चार वाजता सासरी निघालेल्या सलिमाचा टांगा कोपऱ्यावर आला. त्यांनी नुकतंच शिसं ओतून सांधा भरला होता, वर माती लोटून झाली होती. टांगा थांबला आणि सलिमा उतरली.

"लांब, लांब, सलू. हात घाण हायत माजं."

तिनं ऐकलं नाही. "अब्बा" म्हणाली आणि जरीच्या पदरासकट त्या चिखलानं माखलेल्या खांद्यावर डोकं टेकून रडली. ते दोन्ही हात तसेच वर धरून उभे राहिले, तिच्या कपड्याला लागू नयेत म्हणून.

ती पुन्हा टांग्यात बसली. टांगेवाल्यानं लगाम ओढताच रहिमानभाई आडवे आले.

"ह्यावरनं नको रं गड्या. शिसं आजून गरम हाय, चाकाचा भार सोसायचा न्हाई त्येला. मागनं वळसा घालून ने."

टांगा मागं वळला आणि आळीच्या त्या टोकाकडून, लिंबाच्या झाडाखालून हळूहळू लांब गेला. दिसेनासा होईपर्यंत ते तिथंच उभे होते.