दाजी आणि उकळतं पाणी

देवावर विश्वास नसलेली माणसं मी पुष्कळ पाहिली, पण तपासल्याशिवाय थर्मामीटरवर विश्वास न ठेवणारा माणूस साऱ्या मराठवाड्यात एकच, आमचे दाजी. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. वाळूजच्या कारखान्यांतले थर्मामीटर खरं बोलतात की थापा मारतात हे तपासणं त्यांचं पोटापाण्याचं काम, आणि ते काम घरी आलं तरी संपत नाही. एकदा मी तापानं फणफणलो होतो, तर हे घरचा थर्मामीटर आपल्या खात्रीच्या थर्मामीटरशेजारी कोमट पाण्यात बुडवून बसले. दोघांचं जमेपर्यंत घाम येऊन माझा ताप उतरला. लग्नात जेवायला गेले की आइस्क्रीमवाल्याकडून बर्फाचा चुरा मागून घेतात, त्यात जरा पाणी ओततात, आणि खिशातला थर्मामीटर नीट शून्यावर आल्याशिवाय नवरानवरीला आशीर्वाद द्यायला उठत नाहीत.

हे सगळं आम्ही हसण्यावारी नेत होतो, तोवर त्यांच्या एकुलत्या एका लेकीला, मनूला, स्थळं येऊ लागली. येईल त्या मुलाला दाजींचा एकच प्रश्न, "आपल्या गावात पाणी किती डिग्रीला उकळतं?" बिचारे शाळेत शिकलेलं शंभर सांगत आणि तिथंच नापास होत. आपलं गाव उंचावर, इथं पाणी अठ्ठ्याण्णवच्या आसपासच उकळतं. "ज्यानं कधी मोजून बघितलं नाय, त्याला लेक कशी द्यायची?" दाजी म्हणत, आणि ताई कपाळाला हात लावी.

शेवटी मनूनं स्वतःच रत्नागिरीचा एक मुलगा पसंत केला. यालाही नकार दिलात तर लग्नच करणार नाही, असं तिनं बजावलं. तो घरी आला त्या दिवशी ताई देव पाण्यात घालून बसली होती. ठरलेला प्रश्न आला. मुलगा शांतपणे म्हणाला, "आमच्याकडे समुद्राकाठी शंभर. इथलं मोजल्याशिवाय कसं सांगू?"

दाजी त्याला हाताला धरून थेट स्वयंपाकघरात घेऊन गेले. दोघं चहाच्या आधणावर वाकले. "थर्मामीटर तळाला टेकवू नका हं, काका, आकडा चुकेल," मुलगा म्हणाला, तेव्हा दाजींचा चेहरा असा फुलला की मनू तिथंच हसत रडायला लागली. "पाव्हणं, पेढे आणा पेढे!" ते मला ओरडून म्हणाले. त्या गडबडीत चहा कुणालाच मिळाला नाही.

लग्न थाटात झालं. परवा दुपारी गेलो, तर दाजी पंखा बंद करून एकटेच बसलेले.

"मनू गेल्यापासून घर लई गार पडलंय बघा, पाव्हणं."

मे महिना होता. माझ्या अंगाला घामाच्या धारा लागल्या होत्या, तरी मी "व्हय" म्हणालो आणि त्यांच्याशेजारी बसलो.